दर रविवारी ढिली होणारी इलॅस्टिक लेस: आवळण्याआधी मार्करची एक रेघ मारा

धावताना गोव्यातल्या फोंड्याजवळचा फर्मागुडीचा उतार लागला की माझी उजवी टाच बुटात वर-खाली व्हायला लागायची. दर रविवारी, जवळपास त्याच जागी. मग कडेला थांबायचं, लॉक दाबायचं, लेस ओढायची, निघायचं. फोंड्याच्या बाजारात पोहोचेपर्यंत पायाच्या वरच्या भागाला मुंग्या आलेल्या असायच्या, म्हणून पुन्हा थांबून लेस सैल करायची. चार महिने हाच खेळ. तेवढ्यात मी लेसच्या तीन जोड्या बदलल्या आणि तिन्ही तशाच ढिल्या झाल्या. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की दोरी बिचारी बरी आहे, माझं ओढणंच चुकतंय.

आमच्या रविवारी धावणाऱ्या टोळीत दहा-बारा जण आहेत. निम्म्यांच्या बुटांत आता या न बांधायच्या लेस आहेत. तक्रार सगळ्यांची एकच: ढिली होते. उपायही एकच: आवळा. पण ‘ढिली होते’ या दोन शब्दांखाली तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. आवळल्याने त्यातला एकही जात नाही, एक तर चांगलाच वाढतो.

मी बोलतेय ती गोल दोरीच्या लेसबद्दल. आत रबराचे बारीक धागे, वर पॉलिएस्टरचं विणलेलं कव्हर. वरच्या भोकांतून बाहेर आलेली दोन टोकं स्प्रिंगच्या एका लॉकमधून जातात आणि पुढे एका छोट्या क्लिपमध्ये बंद होतात. साधारण १२० सेंटिमीटरची दोरी येते. एकदा बसवली की बूट चपलेसारखा पायात सरकवायचा. हिचं खरं कौतुक ट्रायथलॉनवाल्यांना, कारण सायकलवरून उतरून धावायच्या बुटात शिरताना घामेजल्या बोटांनी गाठ मारत बसायला वेळ कुणाला? पणजीला मिरामारवर २०१९ मध्ये पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ झाली, १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. त्यानंतर आमच्याकडे या लेसचं वेड आलं. मी पोहत नाही, सायकल तर नाहीच नाही. पण लेस घेतली.

मार्करची रेघ

रविवारी निघण्याआधी बूट घाला, उभ्या राहा किंवा राहा उभे, आणि लॉक नेहमीच्या जागी बसवा. आता लॉकच्या खाली, म्हणजे बुटाच्या बाजूला, लॉकला अगदी चिकटून दोन्ही दोऱ्यांवर परमनंट मार्करने एकेक आडवी रेघ मारा. लेस काळी असेल तर पांढरं नेलपॉलिश चालतं. मग नेहमीसारखं धावा. ढिलं वाटलं तरी लगेच आवळायचं नाही, हाच यातला कठीण भाग. थांबा, वाका, रेघा बघा.

रेघा लॉकपासून खाली गेल्या असतील आणि मधे कोरी दोरी दिसत असेल, तर लॉक सरकतंय. रेघा जागच्या जागी आहेत आणि तरी बूट ढिला वाटतोय, तर लॉकला हात लावू नका. भानगड रबरात आहे, नाहीतर टाचेत. एकच रेघ सरकली असेल तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा नाही. हा तिसरा प्रकार फार मोठा नाही, म्हणून तो इथेच संपवते: लॉक पूर्ण सैल करा, चवड्याकडच्या पहिल्या भोकापासून एकेक फुली (दोरी दोरीवरून आडवी जाते ती जागा) बोटाने वर उचलत दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा करा, कुठे दोरीला पीळ पडलाय का ते पाहा, आणि दोन्ही टोकं एकत्र धरून ओढा. एक हात लॉकवर आणि दुसऱ्याने एकच टोक, अशी सवय बऱ्याच जणांना असते. ती मोडा.

माझ्या दोन्ही रेघा करंगळीच्या पेराएवढ्या खाली आल्या होत्या. म्हणजे लॉक.

लॉक सरकतंय

पहिला संशय मातीवर घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे रस्त्याच्या कडा म्हणजे जांभ्याचा तांबडा चिखल. डिचोली, साखळीकडे धावणाऱ्यांना खाणपट्ट्यातली लाल धूळही मिळते. ही माती पिठासारखी बारीक. दोरीच्या विणीत शिरते, तिथून लॉकच्या दातांमधल्या खाचांत. ओली असताना शेवाळासारखी निसरडी, आणि वाळली की पुट्टी भरल्यासारखी घट्ट. दात असून नसल्यासारखे होतात. वरून लॉक स्वच्छ दिसतं, कारण बूट पुसताना आपण ते पुसलेलं असतं. आत काय साचलंय ते बाहेरून कळत नाही.

मी काय करते ते सांगते. शेवटची क्लिप उघडून दोरीची दोन टोकं मोकळी करायची, पण त्याआधी प्रत्येक टोकाला एक गाठ मारायची. नाहीतर कव्हर उसवतं आणि आतलं रबर कव्हरच्या आत पळतं. ते पुन्हा बाहेर काढणं म्हणजे परकराची नाडी आत गेल्यावर जी तऱ्हा होते तीच. लॉक दोरीतून काढायचं असेल तर गाठी सोडाव्या लागतील. पण काढायची गरज सहसा पडत नाही, ते दोरीवरच सरकवून मोकळ्या भागात आणायचं. स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. लॉक त्यात बुडवून दहा मिनिटं ठेवायचं. मग पाण्याखालीच त्याचं बटण दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. पिचकारीसारखं. चौथ्या-पाचव्या वेळी लॉकच्या भोकातून तांबड्या पाण्याची बारीक धार निघते. माझ्या पहिल्या धुण्यात पेला चहासारखा झाला होता. जुन्या टूथब्रशने बाहेरून, दातकोरणीने आतून. स्वच्छ पाण्यात पुन्हा दहा-बारा पिचकाऱ्या, मग झटकून सावलीत.

लॉक ज्या जागी बसतं तिथली चार बोटं दोरीही साबणाने चोळून धुवा. लॉक धुतलं आणि दोरी तशीच ठेवली, तर पहिल्या दोन किलोमीटरांत ती आपली माती लॉकला परत देते.

किनाऱ्यावर धावणाऱ्यांचं दुखणं वेगळं. मिरामार ते करंजाळे वाळूतून कुणी धावत असेल तर त्याच्या लॉकमध्ये वाळू असते आणि मीठ असतं. वाळू धुतली की जाते. मीठ वाळून खडे होतात आणि आतली स्प्रिंग गंजते. त्यासाठी कानाने तपासा: बटण पूर्ण दाबून एकदम सोडा. ‘टक्’ असा आवाज होऊन ते परत आलं तर स्प्रिंग जिवंत आहे. आवाज न होता रेंगाळत वर आलं तर लॉक बदला. लॉक सुटंही मिळतं, पावसाळी जॅकेटच्या दोरीला असतं त्याच जातीचं. फक्त भोक बघून घ्या. दोरी ताणलेली नसताना दोन्ही दोऱ्या त्यातून जरा अडत जायला हव्यात. सुळकन गेल्या तर ते लॉक तुमच्या दोरीचं नाही. एका जोडीचं लॉक दुसऱ्या जोडीच्या दोरीला लावणाऱ्यांची हीच फजिती होते.

आणि तेल नको. हे मी अनुभवाने सांगतेय. घरात गंज सोडवायचा स्प्रे होता, दाराच्या बिजागरीला मारतात तो. लॉक रेंगाळतंय म्हणून मी त्यावर दोनदा फुस्स केलं. काय सुंदर चालायला लागलं! इतकं सुंदर की त्या रविवारी ते उतार सुरू व्हायच्या आधीच सरकलं. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. पंधरा दिवसांत लॉकखालची दोरी हाताला चिकट लागायला लागली. तीन जोड्यांपैकी एक जोडी अशी मी स्वतः मारली.

आता मुख्य गोष्ट, जी कळायला मला चार महिने लागले. रबर ताणलं म्हणून त्याचं घनफळ बदलत नाही. दोरी जेवढी लांब होते तेवढी बारीक होते. दीडपट ताणली की आतल्या रबराचा छेद दोन-तृतीयांशच उरतो. आता लॉक काय करतं ते आठवा: दोरीला दाताखाली चिमटीत पकडतं. तुम्ही जोर लावून ओढून लॉक बसवलंत, तर दाताखाली आली ती बारीक झालेली दोरी, आणि तिच्यावर ओढ मात्र सगळ्यात जास्त. पकड कमी, ओढ जास्त. सरकणारच. सरकलं की आपण आणखी आवळतो, दोरी आणखी बारीक होते. फर्मागुडीच्या उतारावर मी दर रविवारी हेच करत होते आणि वर लेसला शिव्या देत होते.

मग ताण ठेवायचा किती? मोजमाप सोपं आहे. लॉक न उघडता, जीभ धरून, थोडी खटपट करून बूट पायात गेला पाहिजे. लॉक उघडल्याशिवाय जातच नसेल तर लेस फार घट्ट आहे. बुटाच्या मधल्या फुलीखाली तर्जनी सरकली पाहिजे, रुतत रुतत का होईना. एवढ्याने बूट सैल वाटत असेल तर त्याचं औषध लॉकमध्ये नाही, ते खाली टाचेच्या भागात सांगितलंय.

एक छोटं राहिलं: लोंबणारी टोकं. साधी गाठ धावताना का सुटते हे २०१७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ट्रेडमिलवरच्या पायाचं स्लो मोशन चित्रण करून दाखवलं. पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सात पट धक्का बसतो, त्याने गाठ सैलावते. त्याच वेळी हवेत हेलकावणारी टोकं तिला ओढत असतात. दोन्ही मिळून गाठ बघता बघता सुटते. लॉक म्हणजे गाठ नव्हे, पण क्लिपचं वजन लावलेली लांब टोकं प्रत्येक पावलाला उडत असतील तर हिसके लॉकलाही बसतातच. टोकं खालच्या एका फुलीखाली खोचून टाका. नाहीतर छोटी करा. पण कापायची घाई नको: माझ्या भाचीने नवी लेस आणली त्याच दिवशी ‘मावशी, बघ कशी टापटीप’ म्हणत अगदी बेतशीर कापली. दुसऱ्या दिवशी जाड मोजे घातले आणि लॉक बसवायला दोरीच उरली नाही. दोनदा धावून या, जाड मोजे घालून एकदा बघा, चार बोटं जास्तीची ठेवा, आधी गाठ मारा आणि मग गाठीच्या पलीकडे कापा.

रेघ हलली नाही, तरी ढिलं

रेघा जागेवर असतील तर दोन शक्यता. एक, रबर मेलंय.

मेलेलं रबर ओळखायला आमच्या बाजारातल्या मोचीकाकांनी मला शिकवलं. मी लॉक बदलून मागायला गेले होते. त्यांनी लेस दोन बोटांत धरून अंगठ्याने सरकवत नेली आणि म्हणाले, “बाय, दोरी मेली. लॉक कशाला बदलताय?” मलाही करून बघायला लावलं. क्लिपजवळचं टोक, जे कधी ताणलंच जात नाही, तिथे कव्हर घट्ट आणि गुळगुळीत होतं. मधल्या भागात, जिथे दोरी भोकांतून वळते, तिथे कव्हरला बारीक लाटा पडल्या होत्या, आणि आत बोटाला मऊ, पोकळ लागत होतं. तिथले रबराचे धागे तुटले होते. कव्हर शाबूत असल्यामुळे वरून काही दिसत नाही. लेस तुटत नाही, फक्त ओढत नाही.

घरी खात्री करायची तर दोरी पूर्ण काढा, टेबलावर न ताणता सरळ ठेवा आणि मोजा. दोन्ही बुटांच्या दोऱ्या शेजारी ठेवा. नवी आणली होती तेव्हापेक्षा दोरी पसरून लांब झाली असेल, किंवा एक दुसरीपेक्षा बोटभर जास्त भरली, तर निरोप द्या. जोडी बदला, एकच बदलू नका. एका पायाला नवं रबर आणि दुसऱ्याला जुनं असलं की धावताना सारखं काहीतरी लंगडं वाटत राहतं.

रबर मरतं कशाने? ऊन, उष्णता, तेल आणि हवेतला ओझोन. यातली पहिली दोन आपल्याकडे उदंड. पावसात भिजलेले बूट आपण कुठे ठेवतो? दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की थेट गच्चीवर, जीभ बाहेर काढून. बुटाला ते चालेल कदाचित, रबराला नाही. कामावरून परस्पर धावायला जाणारे बूट दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवतात. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडी म्हणजे भट्टी. त्यापेक्षा बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा, दोन तासांनी बोळे बदला. पावसाळ्यात आमच्या घरी धावायच्या दिवसानंतर एक वर्तमानपत्र कमीच पडतं.

धुवायची असेल तर दोरी काढून हाताने, साध्या साबणात. वॉशिंग मशीनचा गरम पाण्याचा कार्यक्रम नको आणि ड्रायर तर मुळीच नको.

दुसरी शक्यता टाचेची. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे काहीच बिघडलेलं नसतं. लॉक ठीक, रबर ठीक, आणि तरी उतारावर टाच उचलली जाते. इलॅस्टिकचा स्वभावच तो. साध्या लेसची लांबी एकदा ठरली की ठरली, पाय कितीही ओढो, ती देत नाही. इलॅस्टिक देते. सपाटीवर हे सुख असतं. दहा-बारा किलोमीटरनंतर उकाड्यात पाय थोडा सुजतो, साधी लेस तेव्हा काचायला लागते, ही जागा करून देते. उतारावर तोच पाय पुढे घसरतो आणि ही तिथेही जागा करून देते. परिणाम: टाच मोकळी, अंगठा बुटाच्या टोकाला आपटतोय, चार उतारांनंतर नख काळं.

यावर उपाय सगळ्यात वरचं भोक. बहुतेक बुटांना वरच्या टोकाला थोडं मागे सरकलेलं एक जादा भोक असतं, ते रिकामंच राहतं. दोरी शेवटून दुसऱ्या भोकातून बाहेर आली की पलीकडे नेऊ नका. त्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घाला. दोन्ही बाजूंना असं केलं की दोन छोटे फासे तयार होतात. आता उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं टोक उजव्या फाशातून ओवा, मग दोन्ही लॉकमध्ये. ओढताना वर न ओढता आधी मागे, टाचेच्या दिशेने ओढा आणि मग लॉक खाली आणा. फाशांमधल्या घर्षणामुळे घोट्याजवळचा ताण तिथेच राहतो, खाली चवड्याला मोकळीक मिळते. साध्या लेसने धावणारे कित्येक वर्षं हे करतात. इलॅस्टिकवाले करत नाहीत, कारण आपल्याला वाटतं की लॉक आहे म्हणजे झालं.

याची किंमत आहे. बूट पूर्वीसारखा चपलेगत पायात जात नाही, लॉक थोडं सैल करावं लागतं. दोरीही जास्त खर्च होते, आणि टोकं आधीच कापून टाकलेल्यांना हे जमतच नाही. (भाची पुन्हा आठवली.)

माझ्यासाठी हाच उपाय लागू पडला. लॉक धुतलं, ताण कमी केला, वरचं भोक वापरलं. या क्रमाने. लॉक न धुता फासे केले असते तर काही उपयोग नव्हता.

मुंग्या येतात, वळ उमटतात

लेस ढिली होऊ नये म्हणून आवळल्यावर हे होतंच, पण कधीकधी न आवळताही होतं. ज्यांचं पाऊल वरून उंच असतं त्यांना मधल्या फुल्या काचतात. जिथे काचतं तेवढी एक फुली काढून टाका: दोरी पलीकडे न नेता त्याच बाजूने सरळ वरच्या भोकात न्या. तिथे खिडकी राहते आणि दुखरी जागा मोकळी होते.

लॉक बसल्या बसल्या बसवणाऱ्यांनाही ही तक्रार असते. वजन पडलं की पाऊल पसरतं. उभं राहून बसवा.

माझ्या सासूबाईंची गोष्ट जराशी वेगळी. गुडघ्यांमुळे त्यांना वाकून लेस बांधता येत नाही. संध्याकाळी कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळापर्यंत चालत जातात, म्हणजे बूट काढायचे, परत घालायचे. त्यांच्यासाठी या लेसइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “अगो, माझी चप्पलच बरी होती, हे साप गुंडाळल्यासारखं वाटतं.” मी त्यांची लेस माझ्या मापाने बसवली होती. धावण्यासाठी लागणाऱ्या ताणाची चालण्याला गरजच नसते. लॉक बोटभर वर सरकवलं, एक फुली काढली, तक्रार संपली. त्यांना साखरेचा त्रास आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, लेस घट्ट झाल्याचं त्या माणसाला कळतच नाही. म्हणून देवळाहून आल्यावर बूट काढले की पायावर वळ आहेत का ते घरातल्या कुणीतरी बघायचं, असा आमच्याकडे नियम केलाय. वळ दिसले तर आणखी सैल.

दोरी नसलेल्या प्रकारांचं थोडक्यात

सिलिकॉनच्या सुट्या पट्ट्या, प्रत्येक जोडभोकाला एकेक. सरकत नाहीत, गंजत नाहीत, पाण्याचं भय नाही. पण भोकाला धातूची कडी असेल तर तिच्या धारेने पट्टीला चीर पडते, आणि एकदा चीर पडली की ती वाढतच जाते. दर महिन्याला पट्ट्या वाकवून बघा. दोन-तीन जादा पट्ट्या घरी असू द्या.

चपट्या इलॅस्टिकला मधे धातूची स्क्रूवाली डबी असते, दोन अर्ध्या एकमेकींत फिरवून बंद करायच्या. हादऱ्यांनी तिचे आटे सुटतात. आट्यांना रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब लावून बंद करा, पूर्ण सुकू द्या. समुद्राजवळ राहत असाल तर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

ट्रेल बुटांवर, म्हणजे रानवाटांवर धावायच्या बुटांवर, येते ती बारीक, न ताणणारी केव्हलारची (एका चिवट कृत्रिम धाग्याची) दोरी आणि सरकतं लॉक, ती इलॅस्टिक नव्हे. तिथे रबर मरण्याचा प्रश्न नाही, पण लॉकमध्ये माती बसण्याचा प्रश्न हाच आणि उपायही हाच, पेला आणि टूथब्रश. दोरीवरचे तंतू फुलायला लागले किंवा लॉकच्या आत खाच पडली तर दोन्ही एकदम बदला, बदलायचे संच मिळतात. उरलेली दोरी जिभेच्या खिशात कोंबायला विसरू नका. सत्तरी तालुक्याच्या रानात ती झुडपाला अडकली की तोंडावर आपटाल.

डायलवाले बूट, म्हणजे बोआ. २००१ मध्ये स्नोबोर्डच्या बुटांसाठी आलेली ही पद्धत आता सायकल आणि धावण्याच्या बुटांवरही दिसते. डायल दाबून फिरवली की आतली बारीक दोरी गुंडाळते. पुष्कळ बुटांत डायल वर ओढली की एकदम मोकळी होते. फिरवताना करकर आवाज येत असेल तर आत वाळू आहे. नळाच्या धारेखाली धरून दोन्हीकडे फिरवा. इथेही तेल नाही. दोरीचा एखादा तंतू सुटलेला दिसला तर त्या बुटाने धावू नका, तुटली की बूट पायात राहतच नाही. डायल आणि दोरीला कंपनीची हमी बुटाच्या आयुष्यभराची असते, त्यामुळे मोचीकडे नेऊन खटपट करण्याआधी ती हमी वापरा.

वेल्क्रोबद्दल काय सांगायचं! स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल याला १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या बोंडांवरून तिची कल्पना सुचली. पाऊस संपल्यावर माळावरून आलं की आपल्या मोज्यांना जी कुसळं लागतात, तीच जात. वेल्क्रो पकडत नाही तेव्हा दहात नऊदा आकड्यांच्या बाजूला केस, मोज्याची लव आणि वाळू भरलेली असते. बारीक दातांच्या फणीने किंवा सुईने उपसून काढा. लव असलेली मऊ बाजू झिजून सपाट झाली असेल तर मात्र साफ करून उपयोग नाही, मोचीकडून तेवढा तुकडा बदलून घ्या.

काढून टाकायची वेळ

माझा भाचा फुटबॉल खेळतो. त्याने माझी लेस मागितली, मी दिली नाही. फुटबॉल, बॅडमिंटन, कबड्डी अशा खेळांत पाय आडवा मारून एकदम थांबावं लागतं, वळावं लागतं. तिथे देणारी लेस म्हणजे बुटाच्या आत घसरणारा पाय, आणि घोटा मुरगळायला तेवढं पुरे. त्याला साधी लेस आणि दुहेरी गाठ. पावसाळ्यात चिखलाच्या पायवाटांवरही मी साधीच लेस घालते. घोट्यापर्यंत चिखलात गेलेला पाय उपसताना इलॅस्टिक ताणते, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. हा प्रकार एकदा झालाय. मोज्यावर उभं राहून चिखलात हात घालून बूट शोधणं ही फार शोभेची गोष्ट नाही, आणि मागे उभे असलेले मदत करायच्या आधी फोटो काढतात.

सध्या माझ्या बुटांत चौथी जोडी आहे. नवी लेस घातली की त्या दिवसाची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवते, आणि शेजारी न ताणलेल्या दोरीची लांबी सेंटिमीटरमध्ये. तीन महिन्यांनी दोरी काढून पुन्हा मोजायची. मागच्या वेळी मोजली तेव्हा उजवी अर्धा सेंटिमीटर वाढली होती, डावी आहे तेवढीच. उजवा पाय उताराच्या कडेला पडतो, म्हणून असेल. या रविवारी रस्त्याची दुसरी बाजू धरून उतरणार आहे.